वारामागची मजुरी: मुंबई, लँकेशायर आणि जपान

मजुरीचा दर आणि मजुरीचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दर म्हणजे दिवसाच्या किंवा महिन्याच्या शेवटी कामगाराच्या हातावर पडणारी रक्कम. खर्च म्हणजे तयार मालाच्या एका वारावर किंवा एका रतलावर चढणारा मजुरीचा भार. परदेशच्या बाजारात टक्कर होते ती खर्चाची. पण दोन देशांमधली भांडणे बहुतेक वेळा दरावरून पेटतात, कारण दर सगळ्यांना दिसतो आणि खर्च गिरणीच्या वह्यांत दडलेला असतो. सुती कापडाच्या धंद्यात मुंबई, इंग्लंडमधले लँकेशायर आणि जपान यांच्यात हे भांडण साठेक वर्षे चालले. त्यात तिघांनीही आळीपाळीने फिर्यादीची आणि आरोपीची जागा घेतली.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. तिची यंत्रे इंग्लंडची, ती जोडणारे आणि चालवून दाखवणारे कारागीर इंग्लंडचे, बॉयलरखालचा कोळसाही बोटीने येणारा. साहेबाच्या देशातून आले नव्हते ते दोनच जिन्नस: कापूस आणि माणूस. हे दोन्ही इथे स्वस्त होते, आणि सगळा धंदा त्या स्वस्ताईवर उभा राहिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये फुटला; त्या गोंधळात गिरण्यांची वाढ काही काळ खुंटली. पण १८७० नंतर परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत एकामागून एक धुरांडी उभी राहिली आणि शतक संपताना शहरातल्या गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली.

गिरणीतला माणूस स्वस्त का होता, याचे उत्तर गिरणीत सापडत नाही. ते रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतल्या शेतांत सापडते. मुंबईला येणाऱ्या कोकणी माणसाची तुलना मँचेस्टरच्या कामगाराशी नव्हती. ती होती गावाकडच्या वरकस जमिनीशी, खोताच्या थळाशी आणि पावसाळ्यानंतर रिकाम्या बसणाऱ्या हातांशी. गिरणीने त्याहून थोडे अधिक दिले की माणसे मिळत. बायकामुले गावीच राहत आणि शेताचा तुकडा सांभाळत. मुंबईत आठ-दहा जण एका खोलीत पथारी टाकत, खाणावळीत जेवत आणि उरलेल्या पैशांची मनिऑर्डर करत. कुटुंबाच्या पोटाचा अर्धा भार गाव उचलत होते, म्हणून गिरणीला माणसाची अर्धीच किंमत मोजावी लागत होती.

लँकेशायरमध्ये चित्र उलटे होते. तिथल्या कामगाराला कोळशाची खाण, यंत्रांचा कारखाना आणि रेल्वे खुली होती. काहीच जमले नाही तर अमेरिकेची बोट धरता येई. सगळ्या देशातच माणसामागे होणारे उत्पादन अधिक होते, त्यामुळे कापड गिरणीला तिथले कामगार राखण्यासाठी त्याच पातळीवर पैसे मोजणे भाग होते. देशाची मजुरीची पातळी कोणताही एक धंदा ठरवत नाही, ती सगळ्या धंद्यांची मिळून ठरते. निर्यात करणाऱ्या धंद्याला ती पाऊसपाण्यासारखी आयती मिळते, आणि मग त्या पावसात कोणते पीक येईल ते त्याने पाहायचे असते.

मँचेस्टरला या स्वस्त माणसाची धास्ती १८७० नंतर वाटू लागली. इंग्लंडमध्ये १८७४ च्या कायद्याने गिरणीचा आठवडा साडेछप्पन्न तासांवर आला होता. मुंबईत तेव्हा कसलाच कायदा नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत, आणि सात-आठ वर्षांची पोरे बॉबिनी उचलत. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी लंडनच्या सरकारकडे तगादा लावला की हिंदुस्थानातही कारखान्यांचा कायदा हवा. मुलांविषयीचा कळवळा आणि आपल्या मालाची काळजी या दोन गोष्टी त्या अर्जांत इतक्या मिसळलेल्या होत्या की त्या निवडून वेगळ्या करणे आज कठीण आहे. १८७५ मध्ये मुंबईत पहिले चौकशी मंडळ बसले. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला, आणि त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या तासांना या कायद्याने हात लावला नाही.

इथल्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. परक्या भांडवलदाराने आपल्या धंद्याचा गळा आवळण्यासाठी केलेला तो डाव आहे, असा त्यांचा दावा होता आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. पण कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस या दोन्ही गोटांबाहेरचा निघाला. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ पत्र चालवत. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी मंडळापुढे ठेवला. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरल्या तारखेला, अशा त्यातल्या मागण्या होत्या. १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लँकेशायरचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून कामगाराला रविवार नको झाला होता, असे लोखंडे यांना कधी वाटले नाही.

दुसरी आघाडी जकातीची होती. विलायती कापडावरची आयात जकात आधी कमी झाली आणि १८८२ मध्ये पूर्ण उठली. १८९४ मध्ये तिजोरी रिकामी पडल्यामुळे सरकारला ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा मँचेस्टरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या मालावरही तेवढाच अबकारी कर आला. १८९६ मध्ये दोन्हीकडचा दर साडेतीन टक्के ठरला. मुंबईचे कापड बहुतांश जाडेभरडे आणि लँकेशायरचे तलम, म्हणजे दोघांची खरी स्पर्धा फार थोड्या मालात होती. तरीही मजुरीतला फरक करातून फेडून घेण्याचा हा प्रकार तीस वर्षे चालला.

एवढी सगळी धडपड ज्या फरकासाठी चालली होती, तो प्रत्यक्षात किती होता हे पाहायला साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जावे लागते. साच्यावर ताण्याचे उभे धागे बसवलेले असतात आणि धोटा त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती काही मिनिटांत संपते. मग साचेवाल्याने साचा थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी टाकून नवी घालायची, धोट्याच्या बारीक डोळ्याला तोंड लावून श्वासाने धागा ओढून घ्यायचा आणि साचा पुन्हा सुरू करायचा. मध्येच ताण्याचा धागा तुटला तर तो शोधून सांधायचा. ही कामे जितक्या वेळा येतील तितके कमी साचे एका माणसाला झेपतात. सूत चांगले असेल तर धागा कमी तुटतो. मुंबईच्या गिरण्या आखूड तंतूच्या देशी कापसाचे सूत वापरत, ते पुन्हापुन्हा तुटे. लँकेशायरचा साचेवाला चार साचे सांभाळी, मुंबईचा दोन.

हिशेबापुरते कल्पित आकडे घेतले तर गोष्ट उघड होते. मुंबईच्या साचेवाल्याला दिवसाला १ रुपया मिळतो आणि त्याच्या दोन साच्यांवर ४० वार कापड निघते, असे धरावे. लँकेशायरच्या साचेवाल्याला ४ शिलिंग मिळतात, म्हणजे रुपयाच्या १ शिलिंग ४ पेन्स भावाने ३ रुपये, आणि त्याच्या चार साच्यांवर १०० वार निघतात. दरात तिप्पट अंतर आहे. पण १०० वारांमागे मुंबईत ४० आणे पडतात आणि लँकेशायरमध्ये ४८. तिप्पट अंतराचे पाचवा हिस्सा अंतर झाले. आता कामगार तेच, साचे तेच, पगारही तोच ठेवून फक्त रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स करावा. विलायतेतले ४ शिलिंग आता २ रुपये १० आणे ८ पै होतात आणि तिथला खर्च १०० वारांमागे ४२ आणे ८ पैंवर उतरतो. मुंबईच्या हातचे आठ आणे पावणेतीन आण्यांच्या आत आले. गिरणीच्या फाटकाआत काहीही न घडता, केवळ हुंडणावळीच्या दराने, स्वस्त मजुरीचा दोन-तृतीयांश फायदा गेला. त्यात कापसाचा आणि यंत्राचा खर्च मिळवला तर मजुरीचा वाटा आणखी लहान दिसतो: जाड्या सुताच्या किमतीत निम्म्याहून अधिक भाग कापसाचाच असे, आणि सातासमुद्रापलीकडून आणलेली यंत्रे मुंबईला इंग्लंडपेक्षा महाग पडत.

आर्थिक इतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये जगभरच्या कापड गिरण्यांची खरी तुलना मांडली. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या एका कामगाराइतके काम उरकायला इंग्लंडमध्ये दीड, आणि हिंदुस्थान, जपान किंवा चीनमध्ये जवळपास सहा कामगार लागत, असा त्यांचा निष्कर्ष होता. यंत्रे सगळीकडे जवळपास सारखीच होती. म्हणजे दरातली स्वस्ताई माणसांच्या संख्येत बरीचशी विरून जात होती.

हे का घडत होते याविषयी वाद आहे. क्लार्क यांचा रोख कामगारांच्या सवयींकडे आहे, पण ते एकच कारण धरून चालत नाही. मुंबईच्या गिरणीत माणसे नेमायचा अधिकार जॉबरकडे असे. तो दस्तुरी घेई आणि रोज सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या बदली कामगारांमधून माणसे उचली. जितकी माणसे अधिक, तितका त्याचा दबदबा मोठा. गिरण्यांचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटांना सुरुवातीच्या काळात नफ्यावर नव्हे तर निघालेल्या सुताच्या रतलावर कमिशन मिळे, म्हणून माल कसाही निघो, निघाला म्हणजे झाले. शिवाय १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले तेव्हा काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. इतका वेळ कोणीही एका दमाने काम करू शकत नाही. आंघोळ, जेवण, विडी, सगळे गिरणीच्या आवारात कामाच्या वेळेतच उरकावे लागे, आणि त्या वेळी साचा पाहायला आणखी एक माणूस लागे. त्यातच मूळ गोष्ट ही की माणूस इतका स्वस्त होता की त्याची काटकसर करण्याची मालकाला गरजच भासली नाही. धागा वारंवार तुटत असेल तर चांगला कापूस घेण्यापेक्षा सांधायला दोन माणसे वाढवणे परवडत होते. स्वस्त मजुरीने कामाची रीत ठरवली, आणि त्या रीतीने मजुरी स्वस्तच ठेवली.

मुंबईची पहिली मोठी मजल कापडात नव्हे तर सुतात होती, आणि तिचे गिऱ्हाईक चीन होते. १८८० नंतर चीनच्या हातमागांना लागणारे जाडे सूत मुंबईने लँकेशायरच्या हातून काढून घेतले. मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने १८८८ मध्ये याची रीतसर चौकशी केली. मुंबई जिंकते ती कापूस आणि बाजारपेठ दोन्ही जवळ असल्यामुळे की चांदीच्या नाण्यामुळे, हा त्या चौकशीतला वादाचा मुद्दा होता. चांदीचा भाव जगभर उतरत होता. रुपया चांदीचा, चीनचे नाणेही चांदीचे, आणि पौंड मात्र सोन्याचा. त्यामुळे मुंबईचा पगार रुपयांत तेवढाच राहिला तरी पौंडांत दरवर्षी स्वस्त होत गेला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि रुपया चांदीपासून सुटून वर चढू लागला. चीनच्या गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग झाले. कामगाराला एक पैही वाढवून मिळाली नव्हती.

चीनच्या बाजारातली मुंबईची जागा जपानने घेतली. शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ओसाकाच्या गिरणीत १८८३ मध्ये सूत कातणाऱ्या साडेदहा हजार चात्या फिरू लागल्या. लवकरच तिथे विजेच्या दिव्यांवर रात्रपाळीही सुरू झाली. कापूस हिंदुस्थानातून जाई. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते जपान अशी बोट सुरू केली, तिचा उद्देश पी अँड ओ कंपनीचे चढे भाडे मोडण्याचा होता. जपानी गिरण्यांना कापूस स्वस्त पडू लागला, आणि काही वर्षांत त्याच कापसाचे सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला भिडले. व्यापारी म्हणून टाटांचा हिशेब बरोबर होता. गिरणी मालक म्हणून त्यांच्या जातभाईंना तो महाग पडला.

जपानची मजुरीही मुंबईसारखीच हलकी होती, पण तिची घडण निराळी. तिथल्या सूतगिरणीत बहुतेक मुली असत. खेड्यातल्या बापाला दलाल आगाऊ रक्कम देई, मुलगी दोन-तीन वर्षांच्या कराराने गिरणीच्या वसतिगृहात राहायला येई, आणि बारा तासांच्या दोन पाळ्यांत काम चाले. दिवसपाळीच्या मुली ज्या गाद्यांवरून उठत, त्यावर रात्रपाळीच्या येऊन निजत. क्षयाने कित्येक जणी परत गावी गेल्या. मुंबईत सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवर मोठे बाप्ये असत, त्यांच्या पगारात गावाकडच्या कुटुंबाचा भार असे. जपानमध्ये अविवाहित मुलीच्या पगारात फक्त तिचाच. दोन्ही ठिकाणी गावच गिरणीला अनुदान देत होते, फक्त जपानी मालकाने ते अधिक चतुराईने वसूल केले.

पण १९१० मध्ये जपान आणि मुंबई कामाच्या बाबतीत साधारण एका रांगेत होते, आणि पुढच्या वीस वर्षांत जपान कितीतरी पुढे गेला, याचे कारण मजुरी नव्हे. पहिल्या महायुद्धात आणि नंतर तिथली मजुरी वाढली. जपानी गिरण्यांनी वेगवेगळ्या देशांचा कापूस मिसळण्याची कला साधली, त्यामुळे धागा कमी तुटू लागला. एकेका मुलीकडे अधिक चात्या, अधिक साचे आले. साकिची टोयोडा यांच्या कंपनीने १९२४ मध्ये बाजारात आणलेला स्वयंचलित साचा कांडी संपली की न थांबता धोटा बदलून घेई. माणसाने तोंडाने धागा ओढण्याचे काम त्याने संपवले. १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्या साच्याचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्पिढ्या यंत्रे पुरवणारी ही कंपनी, आणि तिने जपानकडून साचा विकत घ्यावा, यात सगळा हिशेब आला.

महायुद्धानंतर मुंबईत पगार वाढले. महागाईने आणि संपांनी मिळून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पैशांतली मजुरी १९१४ च्या जवळपास दुपटीवर गेली, आणि १९२० च्या संपानंतर गिरण्यांचा दिवस दहा तासांवर आला. १९२२ च्या कायद्याने देशभर साठ तासांचा आठवडा ठरला. मंदी आली तेव्हा मालकांना सगळ्यात सोपा वाटला तो मार्ग पगारकपातीचा. १९२५ मध्ये त्यांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरपासून दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये सरकारने तीस वर्षांचा अबकारी कर तहकूब केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. साडेतीन टक्क्यांच्या कराने साडेअकरा टक्क्यांची कपात वाचली, कारण कर सगळ्या मालावर होता आणि कपात मालाच्या किमतीतल्या एका लहान हिश्श्यावर.

१९२६ मध्ये फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली टॅरिफ बोर्ड चौकशीला बसले, आणि मुंबईच्या गिरणी मालकांनी त्यापुढे जपानविरुद्ध फिर्याद मांडली. जपानमध्ये बायका आणि मुले रात्री काम करतात, तासांना धरबंद नाही, हा धर्माचा व्यापार नव्हे, असा तिचा सूर होता. पन्नास वर्षांपूर्वी मँचेस्टरने मुंबईविरुद्ध लिहिलेले अर्ज नुसते नावे बदलून पुन्हा सादर केले असते तरी चालले असते. बोर्डाने रात्रपाळीची तक्रार मान्य केली. १९२७ मध्ये परदेशी सुतावर रतलामागे दीड आण्याची जकात बसली, ती मुख्यत्वे याच कारणावरून. जपानमध्ये बायकांची रात्रपाळी १९२९ च्या जुलैत कायद्याने बंद झाली. तिथल्या गिरण्यांनी दरम्यान यंत्रांचा वेग वाढवून घेतला होता, त्यामुळे माल फारसा महागला नाही.

त्याच वर्षी, १९२७ मध्ये, रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्सवर कायम झाला. चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनवर बसलेले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली होती. वर मांडलेला ४८ आणे आणि ४२ आणे ८ पैंचा हिशेब त्या वादाचेच लहान रूप आहे. रुपया चढवून ठेवायचा असेल तर देशातली मजुरी आणि किमती खाली आल्या पाहिजेत. त्या आपोआप येत नाहीत. त्या खाली आणण्याचे काम गिरणगावावर पडले.

या वेळी मालकांनी नुसती कपात मागितली नाही. ससून समूहाच्या गिरण्यांत दोनऐवजी तीन साचे आणि रिंगफ्रेमच्या एकाऐवजी दोन बाजू एका माणसाकडे देण्याची योजना आली. हिशेबाच्या दृष्टीने हाच रास्त मार्ग होता. पण सूत तेच तुटके, साचे तेच जुने, आणि तीन साचेवाल्यांचे काम दोघांत भागणार म्हणजे एकाची भाकर जाणार. साचेवाल्यांच्या दरात त्यातच साडेसात टक्क्यांची घट सुचवलेली. १९२८ च्या एप्रिलमध्ये दीड लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने चालला. या संपातून श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या सोबत्यांची गिरणी कामगार युनियन पुढे आली. सतरा मागण्या होत्या. जास्त साचे घेणार नाही, ही त्यातली कळीची होती.

त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक अठरावी मागणी पुढे केली, जी सतरांत नव्हती. पगार चांगला होता तो साचेखात्यात, आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण तोच धोटा: धागा तोंडाने ओढायचा असल्याने एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल, अशी सवर्ण साचेवाल्यांची हरकत होती. मजुरीचा दर देशाच्या पातळीवर ठरतो, असे अर्थशास्त्र सांगते. मुंबईच्या गिरणीत तो खात्याखात्यात जातीनेही ठरत होता.

तीन वर्षांनी लँकेशायरमध्ये हेच नाटक इंग्रजी पात्रांनी झाले. बर्नलीच्या मालकांनी साचेवाल्यांना चारऐवजी आठ साचे सांभाळायला सांगितले आणि १९३१ मध्ये त्यावरून टाळेबंदी झाली. १९१३ मध्ये लँकेशायरने सुमारे ७०० कोटी वार कापड परदेशी पाठवले होते, त्यातले सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानने घेतले होते. आता चिमण्या थंड पडत होत्या. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी डार्वेनला बेकार कामगारांना भेटले, तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांचे जल्लोषात स्वागत केले. हिंदुस्थानातल्या विलायती कापडाच्या बहिष्काराने त्यांचे काम गेले होते हे खरे. पण त्याहून अधिक काम ओसाकाने नेले होते. जपानी कापडाची हिंदुस्थानातली आयात महायुद्धाआधी नाममात्र होती, ती १९२९-३० मध्ये ५० कोटी वारांच्या वर गेली, आणि १९३३ मध्ये जपानने कापडाच्या निर्यातीत ब्रिटनला मागे टाकले.

डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले. १०० येनचे ४९ डॉलर मिळत, ते वर्षभरात २० च्या आसपास आले. ओसाकाच्या मुलीचा पगार येनमध्ये तसाच होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो निम्म्याहून खाली आला. रुपया स्टर्लिंगला बांधलेला असल्याने मुंबईला असे काही करता येत नव्हते. उरला जकातीचा मार्ग. ब्रिटिशेतर कापडावरची जकात १९३० मध्ये २० टक्के होती, ती १९३२ च्या ऑगस्टमध्ये ५० आणि १९३३ च्या जूनमध्ये ७५ टक्के झाली. जपानी गिरण्यांनी उलट डाव टाकला: हिंदी कापूस घेणे बंद केले. त्याची झळ वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला लागली, ज्याला गिरणी मालकाच्या भांडणात कोणी विचारले नव्हते. १९३४ च्या करारात जकात ५० टक्क्यांवर आली आणि हिशेब वस्तूंच्या अदलाबदलीसारखा ठरला: जपानने कापसाच्या १० लाख गाठी उचलाव्यात आणि साडेबत्तीस कोटी वार कापड आणावे, १५ लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी वार.

जकातीच्या आडोशाला मुंबईत पुन्हा कपाती झाल्या, १९३४ मध्ये पुन्हा संप झाला आणि फसला. १९३७ मध्ये आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिच्या शिफारशीवरून १९३८ मध्ये पगार काही वाढले. तोवर मुंबईचा प्रतिस्पर्धी परदेशात राहिला नव्हता. अहमदाबाद, सोलापूर, कोइमतूर या ठिकाणच्या गिरण्या कापसाच्या आणि गिऱ्हाइकाच्या जवळ होत्या, आणि मुंबईचे मालक आता त्यांच्या मजुरीविषयी तक्रार करत होते.

लँकेशायरचा शेवट १९५९ मध्ये कायद्याने आखला गेला. हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांच्या कापडावर ठराविक मर्यादा घालून घेण्यात आल्या, आणि जुन्या चात्या व साचे मोडीत काढणाऱ्या मालकांना सरकारने पैसे दिले. पुढे जपानलाही कोरिया आणि तैवानच्या मजुरीची हीच भीती वाटू लागली.

मुंबईत साचे मोडावे लागले नाहीत. गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमाग शेडांनी विकत घेतले. गिरणीत कराराने ठरलेला पगार, महागाई भत्ता आणि आठ तासांची पाळी होती. शेडमध्ये मीटरवर मजुरी आणि बारा तासांची पाळी. १९२८ मध्ये ज्या तिसऱ्या साच्यावरून गिरणगाव सहा महिने बंद राहिले, त्याच बनावटीचे चार ते सहा साचे तिथे एकेक कामगार सांभाळू लागला.